विमान वर काढल्यावर पुढं काय?

वाचकांचे प्रश्न आणि हवाई दलातल्या एका निवृत्त एअरफ्रेम फिटरची (विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणाऱ्याची) उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असतो. त्याला लहानपणापासून विमानांचं वेड आहे. तिथं त्याच्या ओळखीची काही हौशी मंडळी महायुद्धात पडलेली विमानं शोधून जमिनीतून बाहेर काढतात. त्यांच्या संस्थेला दरमहा वर्गणी द्यायचं त्याच्या मनात आहे. शिवाय दुसरी एक संस्था समुद्रातून विमान काढून ते पुन्हा उडवणार म्हणून मोठी देणगी मागते आहे. त्याचे वडील म्हणतात, पैसे वाया जातील. कुणाला द्यावेत आणि कुणाला नाही, हे कसं ठरवायचं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, चिरंजीवांना आधी कॉसफर्डला जाऊन यायला सांगा. कॉव्हेंट्रीहून ते फार लांब नाही. तिथं रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय आहे. या संग्रहालयानं १० जून २०१३ रोजी इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळ, गुडविन सँड्स नावाच्या बुडीत वाळूच्या पट्ट्यावरून एक जर्मन बॉम्बर वर काढलं. डॉर्निअर १७ जातीचं, २६ ऑगस्ट १९४० रोजी पडलेलं. त्या जातीचं दुसरं विमान आज जगात कुठंही शिल्लक असल्याची नोंद नाही. ते पाण्याबाहेर येतानाचे फोटो जगभर छापून आले. माझ्या मते खरं काम त्या फोटोंनंतर सुरू झालं. विमानाचे तुकडे कॉसफर्डला नेले आणि शेतात भाजीसाठी उभारतात तसल्या प्लास्टिकच्या लांब बोगद्यांत ठेवले. वरून फवारे लावले. पाण्यात अगदी विरळ सायट्रिक आम्ल मिसळलेलं होतं, आणि त्याची आम्लता नेमकी राखायला सोडियम हायड्रॉक्साइड.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. विमानाचा पत्रा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा नसतो, त्यात तांबं मिसळलेलं असतं. समुद्राच्या पाण्यातल्या मिठातलं क्लोराइड त्यात शिरतं, रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या, डोक्याखाली आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात जाऊन बसतं. विमान तळाशी गाळात असेपर्यंत ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून धातू कसाबसा तग धरतो. वर हवेत आणलं की तेच क्लोराइड झपाट्यानं कामाला लागतं. पत्र्याचे पापुद्रे सुटतात, पांढरी पूड पडते. किनाऱ्याजवळच्या तळावर नोकरीला असताना हे मी चालू विमानांवरही पाहिलं आहे. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंग फुगलेला बोटाला लागला की पॅनेल उतरवायचंच, मग उड्डाणाला उशीर झाला तरी चालेल. रोज धुतल्या-पुसल्या जाणाऱ्या विमानाची ही कथा, तर सत्तर वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेल्याचं काय होत असेल?

कॉसफर्डच्या मंडळींनी विमान वर काढण्याआधीच हा प्रश्न इंपीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांपुढं ठेवला होता. छोट्या तुकड्यांवर प्रयोग झाले, द्रावण ठरलं, जागा ठरली, आणि मग क्रेन लागली. नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडानं, म्हणजे तिथल्या सार्वजनिक पैशातून, या कामाला ३,४५,००० पौंडांहून अधिक दिले. मला विचाराल तर तो पैसा योग्य ठिकाणी गेला. समजा ते विमान पुढं तुकडे-तुकडे झालं असतं, तरी खाऱ्या पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियममधून मीठ कसं काढायचं याची माहिती उरलीच असती, आणि ती जगातल्या कुठल्याही संग्रहालयाला वापरता आली असती.

म्हणून चिरंजीवांनी दोन्ही संस्थांना एकच प्रश्न विचारावा : विमान मिळालं नाही, किंवा मिळून हातचं गेलं, तरी तुमच्या कामातून मागे काय उरेल? ज्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असेल, त्यांना द्यावं. ज्यांना हा प्रश्नच अशुभ वाटेल, त्यांना देऊ नये.

हा प्रश्न माझ्या मनात ‘की बर्ड’मुळे पक्का झाला. अमेरिकेचं हे बी-२९ बॉम्बर फेब्रुवारी १९४७ मध्ये वाट चुकून उत्तर ग्रीनलँडमध्ये एका गोठलेल्या सरोवरावर उतरलं. विमानातले सगळे सुखरूप परतले, विमान तिथंच राहिलं. त्या कोरड्या थंडीत ते जवळजवळ जसंच्या तसं टिकलं. १९९४ मध्ये एक खासगी पथक ते उडवून घरी नेण्यासाठी गेलं. उघड्या माळावर, वाऱ्यात, त्यांनी चारही इंजिनं बदलली, पंखे बदलले, टायर बदलले. फिटर म्हणून मी त्या हातांना नमस्कारच करतो. त्यांचा मुख्य मेकॅनिक तिथं आजारी पडला आणि वाचला नाही. तरी पुढच्या वर्षी पथक परत गेलं. २१ मे १९९५ रोजी विमान उड्डाणासाठी सरोवरावरून धावायला लागलं, आणि शेपटीकडच्या भागात वीज पुरवणाऱ्या छोट्या इंजिनाला जी तात्पुरती पेट्रोलची टाकी जोडली होती, ती गळायला लागली. आग लागली. माणसं बाहेर पडली, विमान जळून गेलं. अठ्ठेचाळीस वर्षं बर्फानं सांभाळलेली वस्तू एका दिवसाच्या घाईत संपली. त्यातून ना अभ्यास उरला, ना वस्तू. माझं मत कुणाला कडक वाटेल, पण ते विमान होतं तिथंच सुरक्षित होतं.

याच्या उलट उदाहरण म्यानमारचं. लिंकनशायरच्या एका शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं धरून ठेवलं होतं की युद्ध संपताना ब्रिटिशांनी रंगूनजवळच्या मिंगलाडॉन तळावर खोक्यांत भरलेली कोरी स्पिटफायर लढाऊ विमानं पुरून ठेवली. कुणी म्हणे छत्तीस, कुणी म्हणे शंभराच्या वर. २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान तिथं गेले तेव्हा त्यांच्या चर्चेतही हा विषय आला. खोदाईचा खर्च वॉरगेमिंग या संगणक-खेळांच्या कंपनीनं उचलला. जानेवारी २०१३ मध्ये मिंगलाडॉनला, म्हणजे आजच्या यांगूनच्या (रंगूनच्या) विमानतळावर, खोदाई झाली आणि एकही स्पिटफायर निघालं नाही. पण कंपनीनं सोबत पुरातत्त्वाची जाणकार मंडळी नेली होती, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले कागद चाळून घेतले होते. ‘विमानं सापडली नाहीत, आणि ती पुरल्याचा पुरावाही नाही,’ असं त्यांनी फेब्रुवारीत उघडपणे सांगितलं. पैसे देणाऱ्यानं आपल्याच मोहिमेचा असा निकाल जाहीर करणं सोपं नसतं. त्या तळावर स्पिटफायरसाठी पुन्हा वर्गणी मागायला कुणी आलं, तर आता दाखवायला निकाल आहे. ज्या संस्थेनं आजवर एकदाही ‘इथं काही नव्हतं’ असं लिहून प्रसिद्ध केलेलं नाही, तिच्याबद्दल मला शंका येते.

अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या विमानाचंच बघा ना. ती १९३७ मध्ये बेपत्ता झाली. जानेवारी २०२४ मध्ये पॅसिफिकच्या तळाचं, ध्वनिलहरींनी टिपलेलं सोनार-चित्र जगभर झळकलं, अगदी विमानाच्या आकाराचं. नोव्हेंबरमध्ये कळलं की तो खडक होता. शोधणाऱ्यांनी ते स्वतः सांगितलं, ही चांगली गोष्ट. पण चित्र बघून हात खिशात जाणारा माणूस नोव्हेंबरपर्यंत थांबत नाही. चिरंजीवांनी थांबावं.

आता कायद्याचं. ब्रिटनमध्ये १९८६ पासून लष्करी अवशेषांच्या संरक्षणाचा कायदा आहे. लष्करी सेवेत असताना पडलेलं विमान, मग ते ब्रिटिश असो, अमेरिकी की जर्मन, संरक्षण खात्याच्या परवान्याशिवाय उकरता येत नाही. आत माणसांचे अवशेष असण्याची शक्यता असेल किंवा न फुटलेला दारूगोळा बराच असेल, तर परवाना मिळत नाही. खोदताना वैमानिकाचं घड्याळ, पाकीट, कागद सापडले तर ते खात्याकडे द्यावे लागतात. जमिनीतून विमानं काढणाऱ्या त्या मंडळींना चिरंजीवांनी सरळ विचारावं : मागच्या खोदाईचा परवाना दाखवा, सापडलेल्या वस्तूंची यादी दाखवा, आणि त्या वस्तू आज कुठं आहेत ते सांगा. चांगली संस्था हे कागद आनंदानं दाखवते. मी अशी मंडळी पाहिली आहेत, की चिखलातून निघालेला एकेक बोल्ट पिशवीत घालून त्यावर जागा आणि खोली लिहितात. वैमानिकाचे नातेवाईक शोधून त्यांना खोदाईच्या दिवशी बोलावतात. त्यांच्याकडे झगमगाट काही नसतो, गावातल्या एका खोलीत चार कपाटं असतात. वर्गणी द्यावी ती अशांना. संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली असेल तर चॅरिटी कमिशनच्या रजिस्टरवर तिची माहिती घरबसल्या पाहता येते. आपल्याकडे सार्वजनिक न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते, तसंच ते.

समुद्रातून काढून उडवणाऱ्यांबद्दल मात्र मी स्पष्टच लिहितो. खाऱ्या पाण्यात ऐंशी वर्षं पडलेला पत्रा हवेत नेण्याच्या लायकीचा राहत नाही. अशी ‘तीच’ विमानं जेव्हा उडतात, तेव्हा त्यांतला बहुतेक धातू नवा असतो, जुन्याची ओळख आणि थोडेफार भाग घेऊन नव्यानं घडवलेला. हे काम करणाऱ्यांचं कौशल्य अफाट आहे, त्यात खोटं काही नाही. पण तयार झालेली वस्तू कोट्यवधींची मालमत्ता असते. १९४० मध्ये कॅलेच्या किनाऱ्यावर उतरलेलं एक स्पिटफायर वाळूतून निघालं, पुन्हा बांधलं गेलं, आणि २०१५ मध्ये लिलावात ३१ लाख पौंडांना विकलं गेलं. त्याच मालकाच्या तसल्याच दुसऱ्या स्पिटफायरची मात्र विक्री झाली नाही, ते डक्सफर्डच्या इंपीरियल वॉर म्युझियमला भेट मिळालं. लिलावाचा पैसाही धर्मादाय कामाला गेला. मालक श्रीमंत होता, खर्च त्याचा होता, आणि शेवट लोकांच्या हिताचा झाला. उत्तम. पण वर्गणीदारांच्या पैशातून असं विमान उभं राहणार असेल, तर ते कुणाच्या नावावर असेल आणि उद्या विकलं गेलं तर पैसा कुठं जाईल, हे आज लेखी हवं.

आणि ठेवणार कुठं? हा प्रश्न मी पोटतिडकीनं विचारतो. आमच्या भागात एका बागेत हवाई दलातून निवृत्त झालेलं एक लढाऊ विमान चौथऱ्यावर उभं केलेलं आहे. उद्‌घाटनाला बँड होता, भाषणं झाली. नंतर त्याच्याकडे बघायला कुणी नेमलेलंच नव्हतं. विमानाच्या पोटाला खालून बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. ती धुळीनं आणि पाखरांच्या घरट्यांच्या काड्यांनी बुजतात. मग पाणी आत साचून राहतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग तसाच चकचकीत. मी पावसाळ्याआधी सायकलचा स्पोक घेऊन जातो आणि हाताला येतील तेवढी भोकं मोकळी करतो. या कामाला पैसे लागतच नाहीत म्हटलं तरी चालेल, लागतो तो वर्षानुवर्षं येणारा माणूस. म्हणून संस्थेच्या अंदाजपत्रकात वर काढण्याचा खर्च असेल आणि नंतरच्या छपराचा, धुण्या-पुसण्याचा, माणसांच्या पगाराचा रकानाच नसेल, तर ती संस्था कितीही प्रामाणिक असो, विमानाचं नुकसान करणार आहे.

कॉव्हेंट्रीचाच एक चांगला दाखला देतो. आपल्या हवाई दलाचं ‘परशुराम’ नावाचं डाकोटा जातीचं मालवाहू विमान आहे ना, ते भंगारात निघालं होतं. तेव्हा खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेतलं, कॉव्हेंट्रीला दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला देऊ केलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. आधी संरक्षण खात्याचा होकार आला नाही, तो आला गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते विमान कॉव्हेंट्रीहून स्वतःच्या पंखांवर भारतात आलं. त्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे, २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डाकोटाचा. इथं घेणारा आधी ठरला होता. त्याच्याकडे हँगर होतं, फिटर होते, वैमानिक होते. मग विमान आलं.

वडिलांना सांगा, चिरंजीवांनी दरमहा वर्गणी द्यायला हरकत नाही. मात्र पहिली खोदाई स्वतः जाऊन बघावी, चिखलात हात घालावेत, आणि मग रक्कम ठरवावी. मोठी देणगी मात्र इतक्यात नको.

प्रश्न : मी नागपूरला इंजिनिअरिंग शिकतो. अरुणाचलच्या डोंगरांत महायुद्धातली कितीतरी विमानं पडलेली आहेत आणि परदेशी माणसं येऊन ती शोधतात, असं वाचलं. आपल्या सरकारनं अशा खासगी गटांना पैसे द्यावेत का? – एक विद्यार्थी

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला. आसाममधून हिमालयाची रांग ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला सामान नेणाऱ्या त्या हवाई वाटेला वैमानिक ‘हंप’ म्हणायचे. १९४२ ते १९४५ या काळात त्या वाटेवर शेकडो विमानं पडली. त्यांतलं ‘हॉट अ‍ॅज हेल’ नावाचं बी-२४ बॉम्बर २५ जानेवारी १९४४ रोजी आठ जणांसह नाहीसं झालं. २००६ मध्ये अरुणाचलच्या सियांग भागात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचा एक गिर्यारोहक स्थानिक लोकांना सोबत घेऊन त्या अवशेषांपर्यंत पोचला. तो हे काम स्वतःच्या हौसेनं करत होता. पण अमेरिकी सरकारच्या पथकाला तिथं उत्खनन करायला मिळालं ते २०१५ मध्ये. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत अवशेष सुपूर्द झाले, आणि २०१७ मध्ये त्यांतून जॉर्जिया राज्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याची ओळख पटली. त्याच्या घरचे त्र्याहत्तर वर्षं वाट बघत होते.

यातून माझं मत असं झालं आहे : शोधणं खासगी माणसानं करावं, उकरणं मात्र शिकलेल्या पथकानंच करावं. हौशी गटानं जागा नोंदवावी, फोटो काढावेत, विमानाचा क्रमांक टिपावा आणि काहीही न हलवता खाली उतरावं. अशा गटाला सरकारनं परवानगी लवकर द्यावी, नकाशे द्यावेत, सोबतीला जाणकार द्यावा. रोख रकमेपेक्षा त्यांना याचीच गरज जास्त असते. आणि गट पारखताना एक गोष्ट बघ. वाट दाखवणाऱ्या, तिथल्या आदी किंवा मिश्मी जमातीतल्या माणसाचं नाव त्यांच्या अहवालात आहे का? त्याला मजुरी नीट दिली का? त्याच्याशिवाय तो डोंगर कुणालाच चढता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पासीघाटला हंपच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. विमानांचे भाग त्याच मुलखात राहिले, तिथल्या मुलांना बघायला मिळतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

सरकारी पैसा आधी कुठं जावा, तर आपल्या माणसांसाठी. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह बेपत्ता झालं. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या मंडळींना लाहौलमध्ये ढाका हिमनदीवर त्याचे अवशेष दिसले. त्यानंतर सैन्याच्या मोहिमा जातच राहिल्या. २०१९ पर्यंत पाच जण सापडले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू या बचावपथकाला आणखी चौघे सापडले. त्यांतल्या एकाला छप्पन्न वर्षांनी केरळमधल्या त्याच्या गावी मूठमाती मिळाली. तसंच दुसरं. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसं झालं. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुड्या यंत्रानं समुद्राखाली ३,४०० मीटर खोलीवर त्याचे तुकडे टिपले, तेव्हा २०२४ चा जानेवारी उजाडला होता. ही यंत्रं, ही पथकं, हिमनदीवर पुन्हा पुन्हा जायचं हे चिवट काम, यावर खर्च होणारा एक रुपयाही मला जास्त वाटत नाही.

तू सुट्टीत गोव्याला गेलास तर वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय बघ. जुन्या विक्रांत युद्धनौकेच्या डेकवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे जातीची विमानं तिथं आहेत, बाहेर अंगणात भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. समुद्राचा वारा किती जवळ आहे बघ, मग पत्र्याच्या सांध्यांकडे बघ. गंज म्हणजे काय ते वर्गापेक्षा तिथं लवकर कळेल.

प्रश्न : आल्प्समध्ये माँ ब्लां पर्वतावर पडलेल्या एअर इंडियाच्या विमानांच्या वस्तू लोक गोळा करतात आणि मांडून ठेवतात. हे योग्य आहे का? – एक वाचक, दादर

उत्तर : तिथं एअर इंडियाची दोन विमानं पडली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ आणि २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’. दुसऱ्यात होमी भाभा होते, आणि त्या विमानातले सगळे ११७ जण गेले. हिमनदी खाली सरकते तशा वस्तू वर येतात, म्हणून त्या सापडणं हा काही कुणाचा गुन्हा नाही. पुढं काय केलं, त्यावर मी माणूस जोखतो. २०१२ मध्ये आपल्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली, ती आपल्या अधिकाऱ्यांच्या हाती आली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम आणि माणकांची पेटी मिळाली. त्यानं ती सरळ पोलिसांत जमा केली. वारस सापडले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये खडे तो आणि पर्वताच्या पायथ्याचं शामोनी गाव यांच्यात वाटले गेले, प्रत्येकी सुमारे दीड लाख युरोंचे. त्याची वागणूक मला आदर्श वाटते.

गोळा करून मांडणाऱ्यांना पाठिंबा द्यायचा तर दोन अटींवर : नातेवाईक आले आणि त्यांनी वस्तू मागितली तर ती विनातक्रार द्यायची, आणि माणसाचे अवशेष दिसले तर हात न लावता आधी पोलिसांना कळवायचं. तुम्ही स्वतः तिथं कधी गेलात आणि बर्फात काही दिसलं, तर उचलू नका. फोटो काढा, जागा टिपा आणि शामोनीच्या पोलिसांना दाखवा.